अकरा महिन्यांच्या जहाजाची हकीकत

दर्यास नारळ, वाचणारांस दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध द्वादशीस लिहिलें ऐसें जे: आमचे लेकीचे बारशास शेजारचे भागोजीकाका, जन्मभर खलाशीपण केलेले, येवोन सांगते जाहले कीं, "सूनबाय, जहाजाचा रंग नको बघू, तळ बघ. म्हातारी हाय ती, पावडर लावून उभी केलीय." आणि आम्हीं पदवीधर, हंसोन बोललों, "काका, सरकारी शिक्का आहे तिच्यावर." आणि यजमान हरेश्वर यांस आम्हींच गळ घातली कीं किनाऱ्याकिनाऱ्यानें मालवाहतूक, पंधरवड्यास घरीं याल, त्या जहाजावरची नोकरी धरावी.

त्या राज्यीं कायदा होता कीं, देशांतले मालासाठीं वीस वर्षांवरील जहाज घेऊं नये. कायदा बरवा. मग जहाजांचे धनी हुजुरांत गेले आणि नवें परवडत नाहीं म्हणोन रडले, आणि हुजूर द्रवले, आणि बारीक अक्षरीं कलम चढलें कीं, परमुलखांतून आणिलेले जहाजाचें वय आपले दफ्तरीं नांव लागेल ते दिवसापासोन धरावें. मग चौतीस वर्षें परदर्यांत झिजलेली 'चंद्रज्योत' चैत्र शुद्ध दशमीस दफ्तरीं जन्मली, आणि आमची लेक तेच दिवशीं इस्पितळांत.

मग यजमान घरीं आले आणि सहज बोलून गेले कीं, तळाची चीर सिमेंटानें बुजविली आहे, पंप अष्टौप्रहर चालतो. पुसिलें, "थांबला तर?" म्हणाले, "थांबत नाय. मी हाय ना." आणि जहाजावर परत गेले.

मग लेकीस कडेवर घेवोन आम्हीं दफ्तरीं गेलों, आणि कारभारी कागद न उचलतां वदले, "बाई, जहाज अकरा महिन्यांचं आहे. पहिली पांच वर्षं तपासणी माफ."

"माझी लेकही अकरा महिन्यांची, साहेब. तिला दर महिन्यास वजनाला नेते, सुया टोचून घेते. तिला कोणी माफी दिली नाहीं."

"ती बाब दुसऱ्या खात्याकडे."

आणि पुढला माणूस बोलाविते जाहले.

तात्पर्य, कलम लिहिणारांतला एकही त्या जहाजावर चढला नाहीं, आणि चढले ते आम्हीं धाडिलेले. तीन दिवस यजमानांचा फोन लागत नाहीं. वाचणारा, तूं ज्या बंदरीं असशील तेथें धक्क्यावर जावें. निळें जहाज, नांव 'चंद्रज्योत', दिसल्यास पंपाचा आवाज येतो कीं कसें तें ऐकावें, आणि हरेश्वर म्हणोन हांक मारावी. ओ आल्यास सांगावें कीं, लेक उभी राहूं लागली, आतां उतरावें.