नागप्पाअण्णांची सोलापूर-स्वारी

मुरुमला आमच्या शेजारी राहणाऱ्या नागप्पाअण्णांनी एकदा आपल्या अंगणात करोडगिरीचा नाका उघडला होता. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. आमचं मुरुम निजामाचं, सोलापूर इंग्रजांचं. खरा नाका पार नळदुर्गाच्या पलीकडे, हद्दीवर. पण अण्णांचा तयारीवर विश्वास. त्यांनी दोन मेढींवर वेळू आडवा टाकला, घरच्यांना बैलगाडीत बसवलं आणि कारकून मला केलं, कारण गल्लीत सगळं टिपून ठेवणारी मीच.

"दरडावून विचारा, अक्का," ते म्हणत. मी दरडावलं की हात जोडून म्हणायचे, "सगळं जुनं हाय, साहेब." त्यांच्या बायकोला, सुगलाबाईंना, इथं हमखास हसू यायचं आणि सराव पुन्हा पहिल्यापासून.

सोलापूरला जायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक गौरा तिकडं दिली होती. पहिल्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं. आता पुन्हा सातवा लागला होता, आणि ह्यावेळी बाळंतपण माहेरी करायचं असं अण्णांनी व्याह्यांना निक्षून कळवलं होतं. सुईणीनं एकच बजावलं होतं, पोरीला धक्का लागू देऊ नका. जाणती बाई सोबत हवी, म्हणून मीही निघाले.

अण्णा धान्याचे व्यापारी. त्यांची काटकसर वजनावर चालायची. गाडीत बोजा वाढला की बैल दमतो, दमला की जास्त खातो, असं त्यांचं शास्त्र. "ह्याला पेंड कोण घालणार?" हे त्यांचं पालुपद. मी छत्री घेतली, पेंड कोण घालणार. सुगलाबाईंनी लोणच्याची बरणी घेतली, पेंड कोण घालणार. मला त्यांनी दुकानातल्या काट्यावर उभं केलं, काटा पाहिला आणि सुगलाबाईंकडे वळून कानडीत काहीतरी म्हणाले. त्या काही केल्या मला त्याचा अर्थ सांगेनात.

जाताना नाक्यावर कोणी ढुंकून पाहिलं नाही. एवढा सराव वाया गेला म्हणून अण्णा थोडे नाराजच झाले.

सोलापुरात मात्र त्यांचा तोल गेला. बांगड्या भरण्याच्या कार्यक्रमासाठी लेकीला एक साडी घ्यायला गेले आणि चार घेऊन आले. मग स्वस्त पडली म्हणून धोतरजोडी, पंचा, रुमाल. नव्या कापडावर जकात, अंगावरच्या कपड्यावर नाही. तेव्हा परतीचा बेत त्यांनी तिथंच ठरवला. सुगलाबाईंना त्यांच्या लुगड्यावर तीन नव्या साड्या नेसवल्या, चौथी मला. स्वतः दोन धोतरं, कमरेला पंचा, फेट्याखाली रुमाल. सुगलाबाईंचे गुडघे वाकेनात. त्यांना गाडीत चढवायला व्याही, मी आणि अण्णा, तिघं लागलो. मागं गादीवर गौरा पडून होती. आम्हाला बघून ती इतकी हसली की सुईणीचा सल्ला आठवून मीच तिला गप्प केलं.

नाक्यावर कारकुनानं गाडीभोवती एक फेरी मारली. जाडजूड सुगलाबाई पाहिल्या, मला पाहिलं, मग आत वाकून गौराचं पोट पाहिलं.

"सब औरतां उतरो," तो म्हणाला.

पलीकडच्या खोलीत बायकांची झडती घ्यायला एक बाई बसलेली होती. पोटाला कापड बांधून नेणाऱ्या बायका त्या नाक्यानं बऱ्याच पाहिल्या असाव्यात. गौरा कोपरावर उठू लागली. गाडी उंच, चाकावर पाय ठेवून उतरायचं, पुन्हा तसंच चढायचं. तिचा चेहरा पांढरा पडला.

अण्णांचं पाठ केलेलं वाक्य यायला हवं होतं. ते आलंच नाही. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, आतला नवा रुमाल कारकुनापुढे धरला आणि म्हणाले, "साहेब, तिच्या पोटात तिचं लेकरू हाय. तिला उतरवू नका. बाकी आमी सगळे चोर हाव. लिहून घ्या."

कारकुनानं गौराला पडून राहायची खूण केली. सुगलाबाई आणि मी त्या खोलीत जाऊन उलगडून आलो, तेव्हा त्या प्रथमच मोकळा श्वास घेत होत्या. अण्णांनी जकात आणि दंड दोन्ही मुकाट्यानं भरले. घासाघीस नाही, पेंडीचं नाव नाही.

नाका सुटल्यावर रस्ता खराब होता. खडी वर आलेली, मधेमधे मुठीएवढे दगड. अण्णांनी कासरा सुगलाबाईंच्या हाती दिला आणि खाली उतरून बैलांच्या पुढं चालू लागले. वाकायचं, दगड उचलायचा, कडेला टाकायचा. पुन्हा वाकायचं. मला वाटलं, थोडा वेळ करतील. ऊन चढलं तरी चालूच.

"अण्णा, गाडीत बसा आता," मी म्हटलं.

"चाकाची धाव झिजती, अक्का," ते मागं न बघता म्हणाले. "लोखंड महाग झालंय."

गौराला झोप लागली होती. मोकळ्या रस्त्यावर बैल पाय उचलायला बघत होते, पण सुगलाबाईंनी कासरा आखडून धरला होता, गाडी अण्णांच्या पुढं जाऊ नये म्हणून.