गुरम्माची जोंधळी पोत

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. जिल्हा आला, पाऊस मात्र यायचा राहिला. मन्मथप्पा ज्या नव्या कचेरीत कारकून होते तिथंही खुर्च्या आल्या होत्या आणि टेबलं यायची होती. टेबल नाही म्हणून फाईल नाही, फाईल नाही म्हणून काम नाही. अशा रिकाम्या माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. मन्मथप्पांच्या डोक्यात आलं, की बायकोला आपल्या हातानं जोंधळी पोत करून द्यावी.

जोंधळी पोत म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढे सोन्याचे मणी ओवलेला जुना दागिना. गुरम्माच्या आजीच्या गळ्यात तो असायचा, आणि आता जुन्या घडणीची फॅशन पुन्हा आली होती. सोनं जोंधळ्यासारखं करण्यापेक्षा जोंधळाच सोन्यासारखा केला तर, असा शोध मन्मथप्पांनी लावला. (मागच्या शोधानंतर घरातला स्टोव्ह बदलावा लागला होता.) दाणे भिजवायचे, सुईनं भोकं पाडायची, रेशमात ओवायचे, डिंक लावायचा आणि वर मिठाईवाल्याकडचा सोनेरी वर्ख. दाण्यांपेक्षा बोटांनाच जास्त भोकं पडली. डिंकाला मुंग्या आल्या. पण पोत झाली ती अशी, की गुरम्मा आरशासमोरून हलेचना. मग एवढंच म्हणाली, "औशाला अक्काकडं बारशाला हीच घालते."

औशात तिच्या थोरल्या बहिणीच्या, रत्नम्माच्या नातवाचं बारसं होतं. बायका पाळणा सोडून पोतीभोवती जमल्या.

"कुठं केली ग?"

"ह्यांनी करवून घेतली," गुरम्मा म्हणाली.

'ह्यांनी केली' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द वाढला आणि जोंधळ्याचं सोनं झालं. मन्मथप्पांनी दाराआडून ऐकलं आणि छाती फुगवून गप्प राहिले.

तेवढ्यात गल्लीत टँकर आला. सगळ्याजणी घागरी घेऊन धावल्या. वर्खाला पाणी लागू नये म्हणून गुरम्मानं पोत ओट्याजवळच्या कोनाड्यात काढून ठेवली. परत येऊन बघते तर शेजारच्या साखराबाईची शेळी कोनाड्यापुढं उभी, आणि तिच्या तोंडातून रेशमाचं टोक लोंबतंय.

शेळीनं सोनं खाल्लं, ही बातमी टँकरपर्यंत जाऊन परत आली. रत्नम्माचे मालक वीरण्णा यांनी शेळी स्वतःच्या हातानं खांबाला बांधली. एरवी काठीनं हाकलायची ती शेळी, पण आज तिला एरंडेल पाजलं, टँकरच्या पाण्यातली पहिली बादली दिली, हरभऱ्याची डाळ चारली. सगळे पाहुणे तिच्या शेपटीकडं डोळे लावून बसले. पाळण्यात बाळ एकटंच पाय हलवत होतं.

मन्मथप्पांनी गुरम्माकडं पाहिलं. गुरम्मानं डोळ्यांनीच सांगितलं, तोंड उघडू नका.

बराच वेळ काही होईना तेव्हा कुणीतरी म्हणालं, "असं किती येळ बसायचं? खाटकाला बोलवा."

लिंगायताचं घर, सगळे चपापले. पण नको असंही कुणी म्हणालं नाही. साखराबाई उठली आणि शेळीच्या गळ्यात हात टाकून खाली बसली. "माझ्या वाट्याचं पाणी पाजून जगिवली हिला," ती म्हणाली. "मला बी न्या मग तिकडंच."

मन्मथप्पांना राहवेना. "वीरण्णा, सोडा तिला. ते सोनं न्हाई. जोंधळा हाय. मी केलेला."

वीरण्णांचे डोळे भरून आले. "एका शेळीपायी माणूस एवढ्या सोन्यावर पाणी सोडायलाय," ते म्हणाले. "मन्मथप्पा, तुमचं मन लई मोठं."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इतका मान मन्मथप्पांना सासरच्या माणसांत कधी मिळाला नव्हता. असू द्यावं झालं, असं क्षणभर त्यांना वाटलंसुद्धा.

"पण तुमचं नुकसान आम्ही होऊ देणार न्हाई," वीरण्णा पुढं म्हणाले. "जा रे, खाटकाला बोलवा कुणीतरी."

मग इलाज उरला नाही. दुरुस्तीसाठी खिशात ठेवलेले सोनेरी मणी मन्मथप्पांनी काढले, त्यातला एक सगळ्यांदेखत तोंडात टाकला आणि कटकन चावला. उरलेले शेळीपुढं धरले. तिनं ते खाल्ले आणि तळहातही चाटून घेतला.

रत्नम्मा हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसली. वीरण्णांनी गुपचूप दाव्याची गाठ सोडली. साखराबाई बारशाच्या घुगऱ्या पदरात घेऊन शेळीमागं घरी गेली.

परतीच्या एसटीत गुरम्मा खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलताना दिसले तसे मन्मथप्पा घाबरले. वाकून बघितलं तर ती हसत होती. तेव्हा कुठं त्यांना धीर आला.

"एक मात्र तुला मानावं लागल," ते म्हणाले. "एवढ्या पाहुण्यांत कुणाला संशय आला न्हाई. घडण अशी हुबेहूब झालती."

"आला की एकीला."

"कुणाला?"

"जिनं जोंधळा म्हणून खाल्ली तिला," गुरम्मा म्हणाली.