सव्वा किलोचा सप्लाय

शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका शुक्रवारी दुपारपर्यंत नारायणगावच्या छापखान्यात पोचायची होती, आणि गुरुवारी सकाळी चांगदेव मास्तरांचा कॉम्प्युटर बंद पडला. एकशे बारा पानं, फेटे बांधून काढलेले गावातल्या तीनशे माजी विद्यार्थ्यांचे फोटो, सगळं त्याच्या पोटात. दुसरी प्रत कुठंच नव्हती. प्रत काढून ठेवा असं सून दोन महिने सांगत होती, पण मास्तरांना त्यात घाई वाटत होती.

सून तेजस्विनीनं कॉलेजला निघण्याआधी कॉम्प्युटरची पाठ उघडली, आतला डबा काढून टेबलावर ठेवला, आणखी काहीतरी काढून रुमालात गुंडाळलं आणि सासऱ्यांना दोन वाक्यं सांगितली. पहिलं मास्तरांनी ऐकलं. ते होतं, "नाना, पॉवर सप्लाय गेलाय." दुसऱ्या वाक्याच्या वेळी ते शिडी शोधत होते.

कारण माळ्यावर आधीच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बारा वर्षं पडून होता. त्यांच्या पत्नी रत्नाबाईंनी तो तीनदा भंगारवाल्याकडं द्यायला काढला होता आणि तिन्ही वेळा मास्तरांनी, "लागतं कधीतरी," म्हणून परत वर ठेवला होता. ती वेळ आज आली होती. मास्तरांच्या दुःखात थोडा विजयही मिसळला होता.

माळ्यावरून उतरवलेला डबा बघून तेजस्विनी चपला घालता घालता थांबली. "नाना, हा असाच जोडू नका. इतकी वर्षं पडलेल्या सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले असतात. उघडून, मीटर लावून बघावं लागेल. मी संध्याकाळी बघते."

"बघू. एखाद्या जाणकाराला विचारतो," मास्तर म्हणाले.

तेजस्विनी सहा वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच शिकवत होती. पण ती घरातली असल्यामुळं तिला जाणकार म्हणायची पद्धत नव्हती.

जाणकार म्हणून गेणभाऊ आले. ते विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करत. त्यांच्याबरोबर दादाभाऊ आले, ते पारगावच्या कारखान्यावर ट्रॅक्टरनं ऊस वाहून नेत आणि चहाच्या वेळी कुठंही पोचत. गेणभाऊंनी जळका डबा एका हातात आणि जुना दुसऱ्या हातात घेऊन डोळे मिटले.

"मास्तर, ह्यो जुना बघा कसा हाताला लागतोय. आत तांबं हाय. आत्ताच्या मालात निस्ती हवा भरत्यात."

"हातानं काय ठरतंय?" दादाभाऊ म्हणाले. "काट्यावर ठिवा."

पडवीत कांद्याच्या पिशव्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. जळका डबा भरला आठशे ऐंशी ग्रॅम. जुना भरला साडेबाराशे. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. रत्नाबाई आतून म्हणाल्या की तेजू उघडून बघायला सांगून गेलीय. त्यावर गेणभाऊंनी आपण तीस वर्षं मोटारी भरतोय याची आठवण करून दिली, आणि दादाभाऊंनी मुद्दाच संपवला.

"वैनी, उसाचं कांडं फोडून बघतो का आपण? काटा काय बोलंल ते खरं."

म्हणून कुणी स्क्रूला हात लावला नाही. गेणभाऊंनी डबा बसवला, ज्या वायरी जिथं शिरल्या तिथं जोडल्या, आणि मास्तरांनी चष्मा पुसून बटण दाबलं.

पंखा फिरला.

"फिरला की राव," दादाभाऊ म्हणाले, आणि तेवढ्यात फाडकन आवाज झाला. डब्यातून आधी पांढरा धूर आला आणि मग लाल माती. तिघांच्या चहात, मास्तरांच्या सदऱ्यावर, गेणभाऊंच्या मिशीत बारीक भाजलेली माती बसली. घरातली वीज गेली. आत घरघंटी बाजरी अर्धी दळून थांबली, आणि रत्नाबाईंनी बाहेर येऊन फक्त माळ्याकडं पाहिलं.

गेणभाऊ मिशी झटकत म्हणाले, "डब्याचा दोष न्हाई. गावाचं व्होल्टेजच लई वाईट हाय." एवढं निदान करून जाणकार जेवायला गेले.

मास्तर दिवसभर टेबलाशी बसून राहिले. परवा शाळेच्या समितीसमोर काय सांगायचं? तीनशे फेटे धुरात गेले, असं? दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तेजस्विनीनं मेन स्विच वर करून वीज आणली आणि डब्याचे चार स्क्रू काढले. गेणभाऊ आणि दादाभाऊही निकाल ऐकायला आले होते. आत कपॅसिटर फुटला होता, आणि बाकी सगळीकडं कुंभारमाशीनं मातीची घरटी बांधली होती. बारा वर्षांत तिनं एक कोपरा सोडला नव्हता. तेजस्विनीनं सगळी माती खरवडून त्याच काट्यावर ठेवली. तीनशे सत्तर ग्रॅम. मास्तरांनी मनात साडेबाराशेतून वजाबाकी केली आणि ती कुणाला सांगितली नाही.

"आणि स्मरणिका?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"ती दुपारीच छापखान्यात दिली. सकाळी डिस्क काढून नेते म्हणून सांगितलं होतं की तुम्हाला."

"म्हणजे आम्ही दिवसभर..."

"हो. चालू झाला असता तरी आत काही नव्हतं."

मास्तरांना एकदम आभाराचं पान आठवलं. तांत्रिक साहाय्याबद्दल त्यांनी गेणभाऊंचे आणि दादाभाऊंचे आभार मानले होते. तेजस्विनीचं नाव त्यात कुठंच नव्हतं, आणि फाइल देताना तिनं ते वाचलं असणार. मास्तरांचे कान तापले. त्यांनी लगेच छापखान्यात फोन लावला आणि एक नाव वाढवायला सांगितलं. पान गच्च भरलंय, असं पलीकडून उत्तर आलं. एक काढा, एक बसवतो.

मास्तरांनी समोर पाहिलं. गेणभाऊ मिशीला माती घेऊन चहा पीत होते. दादाभाऊ कान देऊन ऐकत होते.

"राहू द्या मग," मास्तर फोनमध्ये म्हणाले. "ती काय, घरचीच आहे."

तेजस्विनीनं पर्समधून नवा पॉवर सप्लाय काढला, त्याचं खोकं फोडलं, आणि डबा गेणभाऊंच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुम्हीच बसवा गेणभाऊ. तांत्रिक साहाय्य तुमचं आहे. मी घरची आहे, बाजरी दळते."

ती आत गेली. गेणभाऊंनी नवा डबा उचलला, तळहातावर दोनदा झुलवला आणि मान हलवली.

"मास्तर, दुकानदारानं फसवलं पोरीला. लई हलका हाय."

मास्तरांची नजर काट्याकडं गेलीच.