सतरा पुटकुळ्यांचा नियम

मालकीणबाईंनी शेपटीच्या कंगव्याचं टोक धाकटीच्या गालापासून बोटभर लांब धरलं आणि मोजायला सुरुवात केली. कपाळावर सहा, उजव्या गालावर चार, डाव्यावर पाच, हनुवटीवर दोन.

"सतरा!" त्या म्हणाल्या. "परवापर्यंत अकरा होत्या. अगं, न्हाव्याच्याच डोक्यात उवा असल्या तर त्याच्यापुढे मान कोण वाकवील?"

"बाई, मी काय आवतण दिलं होतं का त्यांना?"

"ते मला नको सांगूस. आजपासून तू पायाकडे."

त्या पार्लरमध्ये पायाकडे जाणं म्हणजे काय, हे सांगायलाच हवं. खिडकीपाशी फेशियलची खुर्ची होती, मागे रेलणारी, गुबगुबीत. आणि पडद्यामागे, मोरीला लागून, पाय भिजवायचा टब नि त्याच्यापुढे एक वीतभर उंचीचं स्टूल होतं. खुर्चीपाशी उभं राहणाऱ्या बाईला गिऱ्हाइकं नावानिशी विचारत येत. स्टुलावर बसणारीचा चेहरा कुणाच्या लक्षातही राहत नसे. मालकीणबाईंनी त्याच दुपारी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत नियम लिहिला नि मोठ्या आरशाच्या वर चिकटवला : 'ज्यांच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील त्यांनी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला हात लावू नये. नियम सर्वांना सारखा.' सर्वांना म्हणजे एकूण तिघींना. मालकीणबाईंचा चेहरा काचेसारखा स्वच्छ होता. केस कापणाऱ्या ताईची पुटकुळ्यांची वर्षं केव्हाच मागे पडली होती. उरली कोण?

धाकटीला ते फार लागलं. तिच्या बोटांत जादू होती, हे मालकीणबाईसुद्धा नाकारत नसत. तिच्या हाताखाली गिऱ्हाइकं झोपी जात, एक-दोघी तर चक्क घोरत. आता तीच बोटं टाचा घासत होती. काहीही करून खुर्ची परत मिळवायची, असं तिनं ठरवलं आणि स्वतःच्याच चेहऱ्यावर चाल करून गेली.

चेहरा तेलकट आहे म्हणून पुटकुळ्या येतात, तेव्हा तेलाचा थेंब ठेवायचा नाही, असा तिचा बेत होता. दिवसातून आठ वेळा साबण. त्यावर आईनं सांगितलं म्हणून लिंबू, आत्यानं सांगितलं म्हणून टूथपेस्ट आणि कुणीच सांगितलं नव्हतं तरी नेलपॉलिश पुसायच्या कापसाचा एक हात. आठ दिवसांत चेहऱ्याचे पापुद्रे सुटू लागले. हसलं की ओठांच्या कडेला चिरा पडत, म्हणून तिनं हसणं सोडलं. पुटकुळ्या मात्र तेवीस झाल्या. करायला गेली एक नि झालं भलतंच.

"बाई गं," ताई म्हणाली, "ओल आलेल्या भिंतीचा रंग असा निघतो. जा की डॉक्टरकडे!"

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "हा चेहरा आहे की फरशी? कशानं घासलंत?"

धाकटीनं यादी सांगितली. टूथपेस्ट येताच डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हे बघा, तुमची त्वचा रागावलेली आहे. तुम्ही तिला आणखी बदडताय. आता ऐका. दिवसातून दोनदा, सौम्य फेसवॉशनं, हलक्या हातानं धुवायचं. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. चेहरा ओलसर असतानाच हे मॉइश्चरायझर लावायचं. रात्री हे औषध, वाटाण्याएवढंच. दिवसा सनस्क्रीन. आणि बोटं लांब."

"मॉइश्चरायझर?" धाकटी ओरडलीच. "आधीच तेलकट, त्यात वर क्रीम?"

"तेल वेगळं, ओलावा वेगळा. तुमच्या चेहऱ्यावर तेल भरपूर आहे नि ओलावा औषधालाही नाही. हे हलकं आहे, बिनवासाचं आहे, छिद्रं बुजवत नाही. हे नसेल तर औषधानं आणखी सोलून निघाल."

"किती दिवस लागतील?"

"आठ आठवडे तरी."

"आठ आठवडे!"

"पुटकुळ्या पाहुण्यांसारख्या असतात. येतात न सांगता, जातात सावकाश."

मॉइश्चरायझरची ट्यूब दिसायला अगदीच गरीब होती. पांढरी, वर निळी अक्षरं, बस. सकाळचं धुणं-लावणं धाकटी पार्लरमध्ये येऊनच करी, आणि मालकीणबाईंचा दंडक असा, की औषधाच्या दुकानातली वस्तू पार्लरमध्ये दिसता कामा नये. पार्लरचा मान होता सोनेरी झाकणाची बरणी. घट्ट, गुलाबाच्या वासाची, भल्या किमतीची ती क्रीम काचेच्या कपाटात एका ओळीत मांडलेली असे, आणि प्रत्येक फेशियलचा शेवट तिनंच होत असे. रिकाम्या बरण्या पिना ठेवायला वापरत. धाकटीनं एक रिकामी बरणी धुऊन कोरडी केली, ट्यूब तिच्यात पिळली, ओळखायला बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि टबाशेजारच्या खणात लपवली.

इथवर सगळं सुरळीत होतं. चार आठवड्यांत पापुद्रे गेले, तेविसाच्या नऊ झाल्या. पण मालकीणबाईंना एक खोड होती. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी त्या सगळे खण उघडून बघत, आणि सोनेरी झाकण भलत्या ठिकाणी दिसलं की त्यांचा जीव वरखाली होई. एका संध्याकाळी त्यांनी खणातली बरणी उचलली, "कुणाला मेलं कशाची किंमतच नाही" म्हणत पदरानं पुसली आणि कपाटात नेऊन ठेवली.

सकाळी धाकटीनं खण उघडला तर आत नुसत्या टाचा घासायच्या कानशी. ती धावत पडद्याबाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. खुर्चीत बँकेच्या मॅनेजरबाई रेलल्या होत्या, पार्लरचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, आणि मालकीणबाई एका सोनेरी बरणीत दोन बोटं बुडवत होत्या. बरणी तिरकी झाली. बुडाशी लाल ठिपका.

"बाई, जरा एक मिनिट..."

"मधे बोलू नकोस. टब घास जा."

मालकीणबाईंना वासावरून कळायला हवं होतं. पण वीस वर्षं स्प्रे नि वॅक्सच्या सहवासात काढून त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं. त्यांनी ती गरीब क्रीम मॅनेजरबाईंच्या चेहऱ्यावर थाटात चोळली. धाकटी टबाशी बसून मनातल्या मनात नोकरीचा निरोप घेत होती. संध्याकाळी तिनं ती बरणी गुपचूप परत आपल्या खणात आणली, या वेळी कानशींच्या खाली.

चार दिवसांनी मॅनेजरबाई स्वतःहून आल्या. "अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा दुसऱ्या दिवशी भडकला नाही! वासानं डोकंही धरलं नाही. तीच बरणी द्या मला. बढतीची मुलाखत आहे, त्याआधी आठवडाभर लावीन म्हणते."

मालकीणबाईंनी स्तुती जशी आली तशी अख्खी गिळली आणि कपाटातली नवी, सीलबंद बरणी काढून दिली. धाकटीचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या नऊ पुटकुळ्या उरल्या होत्या, खुर्ची हातातोंडाशी आली होती. अशा वेळी खरं बोलायला फार मोठं मन लागतं, आणि ते तिला त्या दिवशी झालं नाही.

त्या रात्री मालकीणबाई विचारात पडल्या. खरं सांगायचं तर त्यांनी ती क्रीम जन्मात कधी स्वतःला लावली नव्हती. विकायची वस्तू घरात वापरायची म्हणजे जिवावर येई. त्यांचा काचेसारखा चेहरा साध्या पाण्यावर झाला होता. 'गिऱ्हाईक इतकं खूष होतं, आणि आपण वेडे कोरडेच!' असं म्हणून त्यांनी एक बरणी घरी नेली नि सकाळ-संध्याकाळ सढळ हातानं थापू लागल्या.

तीन आठवड्यांनी मालकीणबाई तोंडाला मास्क लावून कामावर आल्या. "सर्दी झालीय," त्या म्हणाल्या. सर्दी चौथ्या दिवशीही हटेना. केसही एकाएकी कपाळावर आले.

नेमक्या त्याच दुपारी दार धाडकन उघडून मॅनेजरबाई आत आल्या. चेहरा लालबुंद, गालावर पुरळ.

"ही ती क्रीम नव्हेच!" त्यांनी बरणी टेबलावर आपटली. "परवा मुलाखत आहे माझी! असा चेहरा घेऊन जाऊ? काय दिलंत तुम्ही मला?"

"मॅडम, बरणी तीच, क्रीम तीच..." मास्कमधून मालकीणबाई म्हणाल्या.

"मग मी खोटं बोलतेय?"

वीस वर्षांचं नाव एका बरणीपायी जाणार, हे मालकीणबाईंना दिसत होतं, आणि का जाणार ते कळत नव्हतं. धाकटीला ते बघवेना. ती स्टुलावरून उठली, पडदा सारला आणि पुढे आली.

"त्या खोटं बोलत नाहीत. बाईही बोलत नाहीत. चूक माझी आहे." तिनं आपल्या खणातली बरणी उलटी करून लाल ठिपका दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, ट्यूब, कपाट, सगळं. शेवटी म्हणाली, "त्याच दिवशी सांगायला हवं होतं. घाबरले. आता काढायचं तर काढा मला."

मालकीणबाई काही बोलणार, तोच मॅनेजरबाईंनी हात वर केला. त्या धाकटीच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होत्या. आठ आठवडे पूर्ण झाले होते. गाल शांत होते, कपाळ सपाट होतं, पुसट डाग तेवढे होते.

"म्हणजे माझा चेहरा त्या औषधाच्या दुकानातल्या ट्यूबनं शांत राहिला? मग आता हिलाच बसवा माझ्यापुढे. हिला कळतं."

"पण मॅडम, आमचा नियम..." मालकीणबाईंची नजर सवयीनं आरशाच्या वर गेली.

मॅनेजरबाईंनी मोठ्यानं नियम वाचला. मग धाकटीकडे पाहिलं. मग मालकीणबाईंकडे. "आणि तुमची सर्दी काय म्हणतेय?"

बँकेत बसून माणसाची नजर तयार होते. मालकीणबाईंनी हळूच मास्क खाली केला. ताईच्या हातातली कात्री हवेतच थांबली.

"या उष्णतेच्या पुळ्या आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या त्या पुटकुळ्या, आपल्या त्या उष्णतेच्या.

ताईनं शेपटीचा कंगवा उचलला आणि बोटभर लांब धरला. "एकोणीस," ती म्हणाली. "धाकटीच्या सतरा होत्या."

मालकीणबाई कडक होत्या, पण लबाड नव्हत्या. त्यांनी एकदा नियमाकडे बघितलं, पदर खोचला, ते वीतभर स्टूल खुर्चीच्या पायथ्याशी आणून ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"मॅडम, पाय द्या," त्या म्हणाल्या. "पेडिक्युअर आमच्याकडून."

धाकटी खुर्चीमागे उभी राहिली. कोमट पाण्यानं तिनं चेहरा हलकेच धुतला, टिपला, ओलसर असतानाच ठिपक्याच्या बरणीतली क्रीम लावली. दहा मिनिटांत मॅनेजरबाई घोरू लागल्या. धाकटी मनसोक्त हसली. ओठ कुठेही चिरले नाहीत.

"धाकटे," खालून हळूच आवाज आला, "त्या ट्यूबचं नाव लिहून दे गं मला. उद्या गुण येईल ना?"

"आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा, बाई. मग दोनदा धुवायचं, टिपायचं, लावायचं. आणि बोटं लांब. आठ आठवडे."

"आठ आठवडे!"

ताईला दया आली असावी. तिनं आपल्या केस कापायच्या खुर्चीवर चढून आरशावरच्या पुठ्ठ्याला हात घातला.

"काढू का गं हा आता?"

धाकटीनं झोपलेल्या मॅनेजरबाईंच्या कपाळावरून बोटं फिरवली, खाली स्टुलाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "राहू दे की. आठच आठवड्यांचा तर प्रश्न आहे."