तिसरा रकाना

अंजनानं वही लिहायला घेतली ती काही विद्वत्तेपायी नव्हे. कवठे महांकाळ टळावं म्हणून घेतली.

त्याचं असं झालं. कोयनानगरचा तो मोठा भूकंप होऊन तीन महिने उलटले होते. पडलेल्या चाळींच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या, आणि प्रकल्पाच्या ऑफिसात कारकून असलेला जोतीराम आपली नवी बायको, आई आणि आईची शेळी यांच्यासह त्यातल्याच एकीत राहत होता. जमीन अजून अधूनमधून अंग झाडायची. बाकीच्या बायका क्षणभर पत्र्याकडं बघत आणि पुन्हा भाकरी थापायला लागत. अंजना मात्र जमीन हलली की पळे, आणि हलली नाही तरी पळे. (दुसऱ्या प्रकारचं पळणं जास्त होतं.)

सासूबाई सुलाबाई मूळच्या कवठ्याच्या. आयुष्य माळावर मेंढरांमागं गेलेलं. लांडग्यानं धरलेलं कोकरू त्यांनी एकदा त्याच्या तोंडातून ओढून आणलं होतं आणि वर लांडग्यालाच शिव्या दिल्या होत्या. अशा बाईच्या नशिबी सून आली ती सांगलीला बी.ए. झालेली आणि फोडणीतल्या मोहरीला दचकणारी.

एका दुपारी शेडचा पत्रा धडाडला. अंजना हातात लाटणं घेऊन जी सुटली ती थेट शेजारच्या तानुबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवरून गेली. दोन ओळींचा चुरा झाला. मागाहून कळलं की जोतीरामनं सायकल भिंतीला टेकवली होती. तानुबाई नुसता चुरा गोळा करत बसल्या. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

संध्याकाळी सुलाबाईंनी निकाल दिला.

"पाडव्यापातूर बघती. तवर हिचं पळणं थांबलं तर बरं. न्हाईतर हिला घिऊन मी कवठ्याला जाती. तितली जमीन गरीब हाय, हालत न्हाई. चार म्हैनं मेंढरं राखंल, काळीज घट्ट हुईल."

अंजनाच्या पायाखालची जमीन खरोखरीच सरकली. लग्नाला आठ महिने झालेले, त्यातले तीन भूकंपात गेलेले. दुपारी जोतीराम जेवायला यायचा, खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचायचा, मधेच मान वर करून तिच्याकडं बघायचा. दिवसभरात तिला हवं असं तेवढंच काय ते होतं. ते सोडून चार महिने माळावर जायचं? शिवाय तिला मेंढरांचीही भीती वाटे. (हे तिनं घरात अजून सांगितलं नव्हतं.)

जोतीरामनं तोड काढली. कारकुनाला सुचणार ती तोड वहीचीच. "तू आधी पळतेस आणि मग विचार करतेस," तो म्हणाला. "आता उलटं कर. आधी लिही, मग पळ."

अंजनाला ते पटलं. कॉलेजात मानसशास्त्र होतंच, आणि आत्मनिरीक्षणाच्या प्रश्नाला तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले होते. अडचणीपुढं आपलं मन कसं वागतं हे कागदावर उतरलं की अर्धी अडचण तिथंच संपते, असं तेव्हा तिनं दोन पानं भरून लिहिलं होतं. खरं आहे की नाही ते बघायची वेळ आली नव्हती, इतकंच. तिनं वहीला तीन रकाने पाडले: काय वाटलं, काय केलं, काय निघालं.

आणि नवल म्हणजे गुण आला. काळजात धस्स झालं की ती घड्याळ बघायची, पेन शोधायची, टोपण काढायची. तोवर जे काही हललेलं असे ते थांबलेलं असे. तीन आठवड्यांत ती एकदाही पळत उंबऱ्याबाहेर पडली नाही. पाडवा चार दिवसांवर आला. सुलाबाई शेळीला सांगू लागल्या की पोरगी सुधारली.

आणि नेमके त्या दुपारी मानसिंगराव आले.

मानसिंगराव म्हणजे भूकंपाच्या नोंदी गोळा करत हिंडणारे साहेब. कुणाला, कधी, किती हलल्यासारखं वाटलं ते प्रत्येक शेडमध्ये जाऊन विचारत होते. तानुबाईंनी त्यांना, दूध उतू जायच्या बेताला धक्का बसला, अशी पक्की वेळ सांगितली. कुठल्या दिवशी, तर त्याच दिवशी. साहेब टेकीला आलेले बघून जोतीरामची छाती फुगली.

"आमच्याकडं तीन आठवड्यांची नोंद आहे साहेब. तारीखवार, वेळेसकट. आमच्या मंडळींनी ठेवलीय."

अंजनानं डोळ्यांनी त्याला नको नको म्हणून सांगितलं. तो समजला, लाजतेय. वही काढून त्यानं साहेबांच्या हातात दिली. दारात गर्दी जमली. साहेबांनी चष्मा पुसला आणि दप्तरी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"दिनांक पाच, सकाळी सात दहा. काय वाटलं: जमीन फाटते आहे. काय केलं: भिंत धरली. काय निघालं: तानुबाईंचं जातं."

"दिनांक सहा, दुपारी अडीच. काय वाटलं: पत्रे थरथरत आहेत. काय केलं: देवाचं नाव घेतलं. काय निघालं: सासूबाईंचं घोरणं."

दारातली गर्दी खोकू लागली. सुलाबाईंनी शेळीकडं बघितलं.

"दिनांक आठ, पाऊण वाजता. काय वाटलं: खाट हादरते आहे. काय निघालं: वर्तमानपत्र वाचताना यांना पाय हलवायची सवय आहे." साहेबांनी चष्म्यावरून खाली बघितलं. खाटेवर बसलेल्या जोतीरामचा पाय हलत होता, तो थांबला. "दिनांक दहा, यांचा पाय. अकरा, यांचा पाय. बारा, मांजर. तेरा, पुन्हा पाय."

अंजना खाटेच्या कडेला बसून भूमी दुभंगण्याची वाट बघत होती. एरवी घाबरवणारी भूमी आज ढिम्म होती.

साहेबांनी पिशवीतून आपला कागद काढला. यंत्रानं नोंदवलेले या महिन्यातले खरे धक्के त्यावर होते. ते एकेक ताडून बघू लागले. "दिनांक नऊ, दहा वीस. चांगला जोराचा होता. इथं काय आहे? 'मन शांत. मटकी निवडली.' दिनांक सतरा, सव्वाचार. 'मन अगदी शांत. प्रगती आहे.'"

आता मात्र गर्दीनं लाज सोडली. हसू थेट पलीकडच्या शेडपर्यंत गेलं. साहेबांनी वही परत दिली. अंजनाला डोळे वर करवेनात. कुठंतरी बघायला हवं म्हणून तिनं वहीत बघितलं, आणि तेवढ्यात खाट हादरली. सवयीनं तिनं घड्याळ बघितलं, टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

कपबशा फळीवरून उड्या मारत होत्या. दारातली गर्दी केव्हाच पांगली होती. साहेब कागद टाकून धावले, जोतीराम साहेबांच्या मागं, आणि सगळ्यांच्या पुढं सुलाबाई, काखेत शेळी. जमीन थांबली तेव्हा सगळे बाहेर मोकळ्यावर उभे होते, आणि आत अंजना एकटी, मान खाली घालून लिहीत होती.

सुलाबाईंनी आत डोकावून बघितलं. मग त्या तानुबाईंकडं वळल्या.

"बघितलंस का? मी पळाली, सायेब पळाला. ही हालली न्हाई. वाघीण हाय माझी सून. हिला कशाला न्यायची कवठ्याला?"

अंजनाचे डोळे भरून आले. त्याच क्षणी तिनं वही मिटायला हवी होती. पण साहेब आत आले आणि ताजी नोंद मिळाली म्हणून उत्साहानं वाचू लागले.

"दिनांक सव्वीस, दुपारी तीन चाळीस. काय वाटलं: यांचा पाय. काय केलं: मन शांत ठेवलं. मंडळी एकदम बाहेर गेली, बहुधा हसायला. काय निघालं..."

तिसरा रकाना कोरा होता.

सुलाबाई उंबऱ्यावर बसल्या. काखेतली शेळी त्यांनी खाली सोडली.

"म्हंजी," त्यांनी साहेबांना विचारलं, "हिला खरा भूकंप कळतच न्हाई?"

"तसंच दिसतंय आजी."

"मग कवठ्याला निऊन तरी काय उपेग? ऱ्हाऊ दे हितंच." आणि लेकाकडं वळून, "जोत्या, तू पाय बांधून ठिवत जा."

अशी अंजना राहिली. पाडव्याला तिनं स्वतःच्या हातानं गुढी उभारली, एकदाही न दचकता. आपलं काळीज आता घट्ट झालं, असं तिनं वहीतही लिहून ठेवलं. आठ दिवसांनी साहेबांचं टपाल आलं. जोतीरामनं ते शेडसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं.

'सौ. अंजनाबाईंची वही आमच्या कामी फार उपयोगी पडली. तरी त्यांनी नोंदी पुढं चालू ठेवाव्यात. घाबरल्याच्या वेळा कळवल्या नाहीत तरी चालतील. मन शांत असल्याच्या वेळा मात्र न चुकता कळवाव्यात.'