नाना जेवले का?

"पोरीले भेवाचा घास भरवू नोको वो संघप्रिया. पोटात जाते, पन अंगी नाई लागत," असं मीराबाईंनी सुनेला एकदा सांगून पाहिलं होतं. संघप्रियाने ते कानाआड केलं. तिने बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. त्या पुस्तकातही भीतीबद्दल काही बरं लिहिलेलं नव्हतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याला सुजाताला जेवू घालायचं नव्हतं.

सुजाता चार वर्षांची. ज्या सुजाताने भगवान बुद्धांना खीर दिली तिचं नाव पोरीला हौसेने ठेवलं, आणि ही खीर दिसली की दात आवळून बसायची. बाप अश्वजित जवळच्या सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला. तो धानाच्या नव्या नव्या जाती वाढवायचा आणि लेक एकाही जातीला दाद द्यायची नाही. संघप्रिया पोरीच्या बरगड्या न्याहाळायची, नखांचा रंग बघायची, झोपेत तिचा श्वास ऐकत बसायची. शेवटी उपाय सापडला तो टीव्हीत. एका मालिकेत तळघरवाले नाना होते. माणसाला गोड बोलून तळघरात न्यायचे, वर झाकण पडायचं आणि खालून घोगरं हसू यायचं. मालिका संपली तरी केबलवाला तीच पुन्हा दुपारी लावायचा. "जेव, नाई तं नाना येईन," म्हटलं की घास आत. गावात कोणाच्याच घराला तळघर नव्हतं. सुजाताच्या मते ते धान साठवायच्या ढोलीखाली होतं.

दिवाळीनंतर धान घरात आलं आणि झाडीपट्टीच्या रिवाजाप्रमाणे गावोगाव नाटकं सुरू झाली. कंपनी इथल्याच वडशाची असली तरी पोस्टरवर मुंबईचा, टीव्हीतला एक तरी चेहरा लागतोच. नाटकाच्या दिवशी दुपारी कंपनीचे मालक धनराजभाऊ जीप घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, आमचे मेन कलाकार तुमच्या इथी उतरतीन. अश्वजितभाऊले इचारलं हाये. गावात घरातच संडास-बाथरूम असलेलं तुमचंच घर हाये ना."

जीपमधून कानटोपी घातलेले एक किडकिडीत गृहस्थ उतरले. "चपला बाहेरच काढू ना?" त्यांनी विचारलं.

तो आवाज ऐकून संघप्रियाच्या हातातलं सूप थांबलं. तळघरवाले नाना होते. खरं नाव रघुनाथ पेडणेकर.

तिला भीती वाटली, पण निराळीच. सुजाता आजीबरोबर घरामागच्या वाडीत शेंगा तोडत होती. तिने या माणसाला असं चपला काढताना पाहिलं, की रात्रीपासून घरात उपवास. संघप्रियाने पाहुण्यांना घाईघाईने खोलीत बसवलं, भात-वरण आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढून ताट पुढे ठेवलं, वर झाकण घातलं. मग दाराशी घुटमळली.

"सर, एक अडचण हाये. माही पोरगी तुमच्याच भेवानं जेवते. तिच्यासमोर तेवढं... तुमी चांगले वागू नोका."

पेडणेकरांचा झाकणाकडे गेलेला हात थांबला. "ताई, मी इतक्या लांब चांगलं वागायलाच आलोय." त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "नाटकात मास्तर झालोय. पोरांवर जीव टाकणारा. मागच्या दोन्ही गावांत मी 'बाळांनो' म्हणालो, की बायका लेकरं उचलून मंडपाबाहेर. आज लोकांनी मास्तर मानला नाही, तर धनराजभाऊ उद्यापासून मला डाकू करणार. मग आहेच पुन्हा तेच हसू, म्हातारपणापर्यंत."

"एकडाव हासा फक्त. तिचं वजन लय कमी हाये, सर."

वजनाचं ऐकून माणूस विरघळला. सुजाता आत येऊन पाटावर बसली तेव्हा खोलीचं दार किलकिलं झालं आणि आतून हसू आलं. सुजाताने ताट पुसून काढलं. मागून आईच्या ताटातलाही भात मागून घेतला.

ते हसू कुंपणापलीकडे गेलं, आणि कुंपणापलीकडे कमळा राहायची.

"काय वो, तुमच्या इथी नाना आला काय? आमच्या बिरजूले जंताचं औषध पाजाचं हाये. कालपासून झाडावर चढून बसला हाये."

बिरजू झाडावरून उतरला, औषध प्यायला आणि वर "गोड हाये" म्हणाला. मग गल्लीला आणखी काय हवं होतं? कोणी दुधाचा पेला घेऊन आली, कोणी अंबाडीची भाजी. एकीने आंघोळ न करणारा पोरगा बादलीसकट आणला. एक बाई तर नवऱ्यालाच घेऊन आली, त्याची दारू सोडवायची होती. त्याला मात्र गुण आला नाही. तो नानांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला कोण येते म्हणून विचारत बसला. संघप्रिया दाराशी उभी राहून एकेकाला आत सोडत होती आणि कोणी किती खाल्लं ते समाधानाने बघत होती.

दिवस मावळायला धनराजभाऊ जीप घेऊन आले, अंगणातली रांग बघून जागीच उभे राहिले.

"वहिनी, मी गावभर भोंगा फिरवून राह्यलो, 'पाहा देवमाणूस मास्तर'. अन् तुमी इथी त्याचा राक्षस करून राह्यल्या?"

पेडणेकर कानटोपी घालून जीपमध्ये बसले. "राहू द्या हो," ते धनराजभाऊंना म्हणाले, "डाकूचे कपडे आहेत ना बरोबर?"

रात्री मंडप भरला. पोरं सगळी पुढे, पोत्यांवर. पडदा वर गेला, धोतर नेसलेले मास्तर आले आणि मायेने म्हणाले, "बाळांनो..."

पुढच्या रांगेत सुजाता ताडकन उभी राहिली. "मी जेवलो! सारा भात जेवलो!"

"मी औषध पेलो," बिरजू म्हणाला. मग सगळी रांगच उठली. "जेवलो, जेवलो!" मंडप हसून हसून आडवा झाला. विंगेत धनराजभाऊंनी कपाळाला हात लावला आणि कोणाला तरी डाकूची पेटी उघडायला सांगितली.

मास्तर रंगमंचाच्या काठावर येऊन पाय सोडून बसले.

"खरंच जेवलात? अंबाडीची भाजीसुद्धा?"

"हो," रांग म्हणाली.

"शाब्बास."

सुजाताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अन् तुमी जेवले?"

आता इथे खोटं बोलायला हवं होतं. पण मास्तर खोटं बोलत नसतो. "नाही बाळा," ते म्हणाले. "राहून गेलं."

हसणं हळूहळू थांबलं. मीराबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं. "ताट देलं होतं ना वो?"

"देलं होतं."

"मंग तो खाल्ला कवा? दुपारभर तं हासूनच राह्यला होता."

संघप्रियाला झाकलेलं ताट आठवलं. साऱ्या गल्लीला तिने जेवू घातलं होतं, पाहुणा तेवढा उपाशी होता.

तोवर सुजाता काठाशी पोचली होती. फ्रॉकच्या खिशातले मुरमुरे तिने मुठीत घेतले आणि मूठ वर केली. "जेवा. नाई तं माही माय येईन."

मास्तरांनी खाली वाकून ते खाल्ले. यंदा पहिल्यांदाच कोणी बाई लेकरू उचलून बाहेर गेली नाही. कमळा पदराने डोळे पुसत होती. विंगेत डाकूची पेटी बंद झाल्याचा आवाज आला. तो प्रवेश धनराजभाऊंनी तसाच्या तसा नाटकात ठेवला, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघप्रियाने पाहुण्यांना समोर बसून जेवू घातलं, आणि कंपनी गडचिरोलीकडे गेली. दुपारी सुजाता ताटावर बसली, तोंड मिटून.

"जेव, नाई तं नाना..." संघप्रिया सवयीने म्हणाली आणि थांबली.

"नाना जेवले काय?" सुजाताने विचारलं.

"जेवले वो."

"तुले कोनं सांगतलं?"

तेव्हापासून रोज हेच. उत्तर मिळाल्याशिवाय घास नाही, आणि पुरावा मागते पोरगी. मीराबाई नुसत्या शेंगा सोलतात. संघप्रिया बसच्या कंडक्टरला विचारते, बाजाराला येणाऱ्यांना विचारते. आताशा तिला स्वतःलाही घास उतरत नाही. बारीकच होता तो माणूस.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. या हंगामात तुमच्या गावी त्या कंपनीचा मंडप पडला, तर कानटोपीवाले मास्तर ज्या घरी उतरलेत तिथे जरा डोकावून या. ताटावरचं झाकण उचलून बघा. आणि जेवले असतील, तर सिंदेवाहीकडे येणाऱ्या कोणाजवळही तसा निरोप द्या. इकडे भात निवत चालला आहे.