धुराड्यापलीकडचं कौल

इमामभाई जेवायला बसला की चटणीसाठी हात लांब करायचा नाही. उठायचा, पंगतीला वळसा घालून चटणीपाशी जाऊन बसायचा. भाकरी हवी झाली की पुन्हा उठायचा. "हात लांबवायचा न्हाई, बूड हलवायचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बघणारे हसायचे. मी हसत नसे, कारण मी त्याच्यावर जळत असे.

आम्ही दोघंही घोडेगावचे, कौलं चाळणारे. पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची. मध्ये धुराडं आलं तर माझं काम सोपं. एका हातानं धुराड्याला मिठी, दुसरा हात पलीकडे, बसलं कौल! इमामभाई मात्र खाली उतरायचा, शिडी पलीकडे न्यायचा, पुन्हा चढायचा. एका कौलापायी अर्धी सकाळ जायची. तरी लोक नगरहून विचारत यायचे, "इमामभाई मोकळे आहेत का?" मी मोकळाच असायचो, पण मला कोण विचारतो!

लढाईच्या दिवसांत नगरच्या एका डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं. छपराचं एका बाजूच्या उताराचं पाखं त्याला, दुसऱ्या बाजूचं मला. ज्याचं काम सरस, त्याला दवाखाना आणि बंगला, दोन्हींचं दरसालचं काम. मला ते हवंच होतं. त्याहून जास्त म्हणजे, त्याला ते मिळायला नको होतं.

माझ्या कमरेला दोरी असे. ती आढ्यावरून पलीकडे जाई आणि खाली तिचं टोक माझी बायको सगुणा धरी. म्हणजे त्या दिवशी ती उभी होती इमामभाईच्या बाजूला. दुपारी पलीकडून तिचा आवाज आला, "अवो, भाऊंची कौलं बगा, कशी रेघ मारल्यागत बसवल्यात!"

माझं डोकंच फिरलं. "मग त्यांचीच दोरी धर!" म्हणत मी कमरेची गाठ सोडली, धुराड्याला मिठी मारली आणि पलीकडे हात घातला. जुनं मातीतलं बांधकाम ते. वरच्या चार विटा माझ्यासकट निघाल्या. मी घसरत गेलो आणि कसाबसा छपराच्या कडेला एका वाशाला लटकलो.

"भाई, हात द्या!" मी ओरडलो.

इमामभाईनं आढ्यावरून डोकावून पाहिलं. "हात लांबवायचा न्हाई," म्हणाला आणि चक्क खाली उतरला! शिडी आणली, माझ्या पायाखाली लावली, दोनदा हलवून घट्ट बसल्याची खात्री केली आणि मगच मला पाय टेकू दिला. तेवढ्या वेळात मी सगळे देव आणि सगळ्या शिव्या आठवून घेतल्या.

डॉक्टरांचं काम कुणाला मिळणार, हे आता विचारायची गरज नव्हती. सगुणा रडत होती. इमामभाई माझी सोडलेली दोरी गुंडाळत होता.

"येड्या, तुझी दोरी धरायला मानूस हाय, आन् तू ती सोडतूस?" तो म्हणाला. "मी दोरी झाडाला बांदली तर ढील कोन देनार? माझी दोरी धरनारी बायकू, जमिला, गेल्यापासनं शिडीच हलवतोय मी. सात वर्सं तुझ्यावर जळतोय."

माझ्यावर!

धुराड्यापलीकडचं कौल तसंच राहिलं होतं. इमामभाईनं दोरी कमरेला बांधली आणि दुसरं टोक हातात घेऊन घुटमळला. "वयनी, धराल का? एकडाव."

सगुणानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिनं पदर खोचला, पलीकडे जाऊन दोन्ही हातांनी टोक धरलं. तो वर चढला. खरं सांगतो, तेव्हाही मी जळलो. मग तिच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि उरलेली दोरी हातात घेतली.